गाण्याआधीचे अकरा सेकंद

कानसेनच्या वर्गात पहिल्या दिवशी कुणाला गाणं ऐकायला मिळत नसे. हौसेनं आलेली मंडळी वह्या सरसावून बसायची, आता काहीतरी भारी कानावर पडणार म्हणून माना पुढे काढायची, आणि हा त्यांना ऐकवायचा काय, तर शांतता. मोजून अकरा सेकंद. एका जुन्या टेपवर गाणं सुरू व्हायच्या आधी जी कोरी जागा होती, तेवढीच. गिटारचा पहिला सूर फुटायच्या आत त्याचं बोट बटणावर पडायचं आणि टेप थांबायची.

"काय काय ऐकू आलं ते लिहा," तो म्हणायचा.

"सर, काहीच नाही आलं," असं कुणीतरी हमखास म्हणायचं.

"मग उद्या येताना कान घेऊन या."

असा हा माणूस. कानसेन हे त्याचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे, ते वादकांनी पाडलं होतं. पंचवीस वर्षं त्यानं स्टुडिओच्या काचेआड बसून गाणी रेकॉर्ड केली. आठ व्हायोलिनं एकदम वाजत असताना त्यातल्या एकाची तार उतरली तर हा काचेपलीकडून नेमक्या त्याच माणसाकडे बोट दाखवायचा. गायक कालच्यापेक्षा टीचभर मागे उभा राहिला तरी याला कळायचं. लोकांनी आधी त्याचं कौतुक केलं, मग ते त्याला भ्यायला लागले, आणि शेवटी त्याच्या पाठीमागे टवाळी करायला लागले. "त्याच्यासमोर शिंकू नका रे, सूर कुठला लागला ते सांगेल," असं म्हणायचे. त्याला ते कळायचं आणि आतून बरंही वाटायचं.

आता मोठाली कामं कमी झाली होती, म्हणून तो एका जुन्या स्टुडिओच्या मागच्या खोलीत कान तयार करण्याचा वर्ग घ्यायचा. शिकवायचा मात्र मनापासून. गाणं एकदा ऐकून भागत नाही, सात वेळा ऐकायचं, आणि दर वेळी एकच गोष्ट. एकदा फक्त खालचे, पोटात घुमणारे आवाज. एकदा फक्त खोली, म्हणजे भिंती जवळ आहेत की लांब. एकदा फक्त श्वास. एकाच गाण्याचे दोन टेक ताडून पाहायचे तर आधी दोन्ही सारख्याच मोठ्यानं वाजवायचे, कारण जो जरा मोठा वाजतो तोच चांगला वाटतो. "कान भारी भाबडे असतात," तो सांगायचा, "त्यांच्यावर लक्ष ठेवावं लागतं."

पण त्याचा सगळ्यांत लाडका नियम फळ्यावर कायमचा लिहिलेला होता: शब्द ऐकू नका. शब्द कानात शिरले की माणूस अर्थामागे धावत सुटतो आणि आवाज बिचारा मागे राहतो, असं त्याचं म्हणणं. "विरह कुणाचा, वाट कोण बघतंय, याच्याशी तुम्हाला काय करायचंय? उच्चारातला 'स' कानाला टोचतो का ते सांगा." विद्यार्थी हसायचे. तो हसायचा नाही. या एका नियमावर त्याचं आयुष्य उभं होतं.

त्या अकरा सेकंदांत एकूण सात आवाज होते आणि सातही ओळखणारा विद्यार्थी चौदा वर्षांत एकच निघाला होता. नुकताच बंद केलेला पंखा मंदावत थांबतो. दिव्याची बारीक गुणगुण. कागदाची सळसळ. खुर्चीची एक करकर. गाणाऱ्या बाईच्या हेडफोनमधून बाहेर झिरपणारी काहीतरी कुजबुज. मग त्या बाईनं गिळलेला आवंडा. आणि गाण्याआधीचा श्वास. आवंडा ओळखणाऱ्याला तो वर एक टीप द्यायचा, "गाणाऱ्याचं तोंड कोरडं पडलंय. अशा वेळी टेप थांबवून पाणी द्यावं." चौदा वर्षं तो हे सांगत होता.

या वर्षीच्या वर्गात एक बाई होत्या. कोर्टात साक्षी उतरवून घेण्याचं काम करून निवृत्त झालेल्या. त्यांनी आयुष्यभर स्वतःपुरत्या चाली बांधल्या होत्या आणि आता त्या धड रेकॉर्ड करायच्या म्हणून त्या शिकायला आल्या होत्या. सगळे त्यांना कोर्टबाई म्हणायचे, त्यांनाही चालायचं. अकरा सेकंद तीनदा वाजवून झाल्यावर कानसेननं कागद गोळा केले आणि एकेक वाचत, नाक मुरडत निघाला. कोर्टबाईंच्या कागदावर त्यानं पाहिलं तर तिथे हे होतं:

"पंखा थांबतो. कागद हलतो. पुरुषाचा आवाज, बारीक, यंत्रातून आल्यासारखा: दादाचं मन राखायचं म्हणून चाललंय हे सगळं. वरचे सूर हिला झेपत नाहीत. पण घरातलीच बाई, (अस्पष्ट) सांगणार कोण. घेऊ एक-दोन, मी नंतर (अस्पष्ट) सांधून टाकीन. दुसरा पुरुष हसतो. बाई आवंडा गिळतात."

कानसेननं ते वाचलं आणि आधी तो चिडलाच.

"बाई, पहिला नियम काय आपला?"

"शब्द ऐकायचे नाहीत."

"मग हे काय आहे?"

"काय करू सर, जन्म त्यात गेला. साक्षीदार पुटपुटतो, वकील खोकतो, वर पंखा, बाहेर गोंगाट, त्यातून शब्द वेचायचे. आता कान माझं ऐकतच नाहीत." वर्गात खसखस पिकली. कोर्टबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून पेनाचं टोपण लावलं. त्यांनी आवाज ओळखला होता. त्यांनी ओळखलाय हे त्यालाही कळलं, आणि त्यानं कागदावरचा 'दादा' हा शब्द पुन्हा एकदा वाचला.

त्यानं वर्ग लवकर सोडला. सगळे गेल्यावर दार लावून घेतलं, हेडफोन चढवले, आणि ती टेप पुन्हा लावली. भर दुपार होती, बाहेर कुणीतरी कसलीतरी खोकी उतरवत होतं. पहिल्यांदा नेहमीसारखं ऐकू आलं, हेडफोनमधून झिरपणारी कुजबुज, पाचवा आवाज, एक गुण. मग त्यानं चौदा वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं. शब्द ऐकले. एकदा ऐकू आल्यावर मग ते कुणी खडूनं लिहिल्यासारखे स्वच्छ दिसायला लागले. आवाज त्याचाच होता. तिशीतला, जरा पुढे पुढे करणारा.

ती गाणारी बाई म्हणजे त्याची वहिनी.

आईवडील लवकर गेलेले, घरात दादा आणि हा. वहिनी घरात आली तेव्हा हा अकरा वर्षांचा. ती कामं करता करता गायची, आणि गाता गाता याच्याशी एक खेळ खेळायची. त्याला भिंतीकडे तोंड करून बसवायची आणि काहीतरी खाली टाकायची. "काय पडलं?" "चमचा." "कुठला?" "लहान, दांडा वाकलेला." मग शेजारपाजारी सांगत सुटायची, "आमच्या धाकट्याचे कान सोन्याचे आहेत." धाकटोबा म्हणायची ती त्याला. पुढे जगानं ज्या कानांना मान दिला ते असे स्वयंपाकघरात तयार झाले होते. हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

स्टुडिओत दहा वर्षं वायरी गुंडाळल्यावर त्याला पहिल्यांदा एक अख्खी रेकॉर्ड स्वतःच्या हातानं करायची संधी मिळाली. आठ गाणी. गायिका कोण हवी ते ठरवायची मुभाही त्यालाच. त्यानं वहिनीला घेतलं. दादाची भीड म्हणून नव्हे, तर तिच्यासारखा आवाज त्यानं दुसरा ऐकलेला नव्हता म्हणून. पाच गाणी झकास झाली. सहाव्याच्या दिवशी तिसरा टेक देऊन वहिनीनं हेडफोन काढले, माइकच्या दांडीला अडकवले, "घसा बसतोय रे माझा," म्हणाली आणि घरी गेली. ती पुन्हा आलीच नाही. चार दिवसांनी निरोप आला, गाणं सोडलं म्हणून. रेकॉर्ड बारगळली. पुढची संधी मिळायला त्याला आठ वर्षं थांबावं लागलं.

ती आठ वर्षं त्यानं वहिनीच्या नावानं बोटं मोडली. "घरच्या माणसांबरोबर काम करू नये, ऐन वेळी पाय मागे घेतात," हे तो भेटेल त्याला ऐकवायचा. दादा एकदा काकुळतीला येऊन म्हणाला होता, "किती दिवस धरून बसशील?" त्यावर हा म्हणाला होता, "तिनं माझं वाटोळं केलं दादा, तिला विचार का ते." नंतर त्याचं जाणं-येणं वर्षातून दोनदा, मग एकदा, मग कधीतरी, असं होत होत संपलं. दादा वारला तेव्हा तो गेला होता, पण दोन तास थांबून, पाहुण्यासारखा, उठून निघून आला. त्यालाही सहा वर्षं झाली होती.

आणि आता हे.

तो दिवस त्याला आठवायला लागला, तुकड्यातुकड्यानं. काचेआडच्या माणसाचं बोलणं गाणाऱ्याच्या हेडफोनमध्ये जायचं असेल तर एक बटण दाबून धरावं लागतं. बोट उचललं की बोलणं बंद. त्या दिवशी वहिनीला बरंच काही समजावून सांगायचं होतं, बोट दुखायला लागलं, म्हणून त्यानं कागदाची घडी करून बटणाच्या फटीत खोचली. सगळेच तसं करायचे. समजावून झालं, आणि घडी तशीच राहिली. शेजारी संगीतकार बसलेला, त्या दिवशी पहिल्यांदाच आलेला. मोठा माणूस, पांढरे केस, मोजकं बोलणारा. तो नुसतं म्हणाला, "ही कोण शोधून काढलीस तू?" त्याच्या आवाजात किंचित आठी होती. एवढ्यानं कानसेनची पाचावर धारण बसली आणि टेप सुरू करता करता तोंडातून ते सगळं निघालं. मनात त्यातलं काही नव्हतं. मोठ्या माणसासमोर आपण मोठे दिसावं, इतकंच. संगीतकार हसला, याला धन्य वाटलं. मग गिटार सुरू झाली, आणि यानं हाताच्या सवयीनं कागदाची घडी ओढून खिशात टाकली. आपण काय केलं ते त्याला कळलंही नाही.

वहिनीला मात्र सगळं ऐकू गेलं होतं. तिनं आवंडा गिळला, श्वास घेतला, आणि गायली. आणि त्या आवंड्यावर हा चौदा वर्षं गुण देत होता! त्याला स्वतःची इतकी किळस आली की त्यानं हेडफोन काढून लांब सरकवून ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वहिनीकडे गेला. बॅगेत एक लहानसं यंत्र घेतलं होतं, त्यात ते गाणं भरून. कशाला घेतलं ते त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं.

वहिनी कपडे दुरुस्त करून द्यायची. जिन्यावरच्या दोन खोल्या, त्यातल्या पुढच्या खोलीत खिडकीशी शिवणयंत्र, दोरीवर चिठ्ठ्या टोचलेल्या पँटी आणि कोट. दार उघडंच होतं. तिनं चष्म्यावरून पाहिलं.

"कोण, धाकटोबा? आज सूर्य कुठून उगवला म्हणायचा?"

तो खुर्चीवर बसला. ती एक शिवण संपवून घेत होती, आणि यंत्र चालताना खालून खरखर येत होती.

"याला तेल घाल वहिनी. डाव्या बाजूचं चाक घासतंय."

"सहा वर्षांनी आलास आणि मशीनची तब्येत विचारतोस? माझीही विचार, तीही डाव्या बाजूनंच घासते."

तो हसला. एरवी शब्दांना बंदी घालणाऱ्या या माणसाला आता एक शब्द सापडत नव्हता. शेवटी तो नुसतं म्हणाला,

"वहिनी, त्या दिवशी तू ऐकलंस."

कुठला दिवस, काय ऐकलं, असं तिनं काही विचारलं नाही. दोरा दातानं तोडला, कापडाची घडी घातली.

"ऐकलं," ती म्हणाली. "तुला आज कसं कळलं?"

त्यानं सांगितलं. टेप, वर्ग, कोर्टबाई, कागद. वहिनी लक्ष देऊन ऐकत होती. वर्गात तेच अकरा सेकंद चौदा वर्षं वाजवत होतो, हे ऐकल्यावर तिनं कपाळाला हात लावला.

"म्हणजे एवढ्या लोकांनी ऐकलं ते?"

"कुणालाच ऐकू आलं नाही गं. मलाच आलं नाही."

"पण तू बोलायचंस ना मग तेव्हा?" तोच पुढे म्हणाला. "शिव्या द्यायच्यास. चार लोकांत माझं माप काढायचंस. मी तुला इतकी वर्षं..."

"बोलणार काय? खरं बोललास असं वाटलं मला. खऱ्यावर भांडतात का?"

"पण ते खरं नव्हतं!" तो जवळजवळ ओरडला. "त्याला खूश करायला बोललो मी. तो एवढा मोठा माणूस, त्यानं नुसती भुवई उचलली आणि मी शेपूट हलवलं. माझ्या मनात तसं काही नव्हतं, वहिनी. शपथेवर सांगतो. टेक संपल्यावर बटण दाबून मी तुला 'वा' म्हणालो, ते खरं होतं."

वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. रागानं नव्हे. आलेल्या कपड्याला कुठे दुरुस्ती होऊ शकते आणि कुठे नाही, हे बघावं तसं.

"असेल," ती म्हणाली. "पण मी ते कसं ओळखायचं होतं रे? दोन्ही तुझ्याच तोंडातून आलं, तीन-चार मिनिटांच्या अंतरानं. माणूस आपल्या पाठीमागे बोलतो ते खरं आणि तोंडावर बोलतो ते गोड, असंच धरतो आपण. मीही धरलं. आणि ते तुझ्यापुरतं राहिलं असतं तर चाललं असतं. तसं राहिलं नाही. पुढे कुणीही चांगलं म्हटलं की मी त्याच्या तोंडाकडे बघायची. तुझा दादा म्हणायचा, एक ओळ म्हण ना. म्हणायची मी. तो वा म्हणायचा. आणि मला वाटायचं, हा माझं मन राखतोय. मग मी टाळायला लागले. आज डोकं दुखतंय, उद्या म्हणीन. त्यानं किती वर्षं मागे लागावं? शेवटी त्यानं विचारणं सोडलं."

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली. दादाचा चेहरा कानसेनच्या डोळ्यांसमोर आला, तो विचारणं सोडणारा दादा, आणि त्याला रडू फुटलं. छप्पन वर्षांचा माणूस तोंडावर हात धरून रडला. वहिनीनं त्याला रडू दिलं.

"दादाला सांगितलं होतंस?" त्यानं डोळे पुसत विचारलं.

"वेडा आहेस का? सांगितलं असतं तर त्यानं तुला दारात उभं केलं नसतं." मग तिनं त्या घडी घातलेल्या कापडावरून हात फिरवला. "तू तसाही आला नाहीस, ते वेगळं."

त्यानं चुळबूळ करून बॅग उघडली आणि ते यंत्र बाहेर काढलं.

"हे कशाला?"

"तुझं गाणं आहे. सहावं. तू कधी ऐकलंच नाहीस ते. ऐक, मग तुलाच कळेल मी वा का म्हणालो."

"कुठला टेक?"

"तिसरा."

"दुसरा नाही आणलास?"

त्यानं खाली बघितलं. "दुसरा नाही. टेप वाचवायला आम्ही त्याच टेपवर पुन्हा घ्यायचो. दुसऱ्यावर तिसरा घेतला."

"म्हणजे पुसला."

"हो."

"दुसरा चांगला झाला होता रे," वहिनी म्हणाली. इतक्या वेळात पहिल्यांदाच तिचा आवाज हलला. "त्या दिवसाचं मला नीट आठवतंय ते एवढंच. दुसरा गाताना मला वाटलं होतं, हे जमलं. आणि तू म्हणालास, आणखी एकदा घेऊ. का रे? काय खोट होती त्यात?"

कानसेनला आठवत होतं. अशा गोष्टी तो विसरत नसे. "वरचा सूर कडेला जरा फाटला होता," तो म्हणाला. "आवाजाच्या मीटरचा काटा एकदम लाल रेघेच्या पार गेला. तिसऱ्यात काटा जागचा हलला नाही. एकसारखा, आवरलेला सूर. म्हणून तो ठेवला."

"लाव," ती म्हणाली.

त्यानं यंत्र शिवणाच्या फळीवर ठेवलं आणि ते सुरू केलं. अकरा सेकंद गेले. दोघांनीही एकमेकांकडे बघितलं नाही. गिटार सुरू झाली, आणि या वेळी त्यानं बोट बटणाकडे नेलं नाही.

वहिनीचा तेव्हाचा, चाळिशीचा आवाज त्या खोलीत गायला लागला. कानसेन ऐकत होता. आणि काय गंमत बघा, ज्या गाण्यातला प्रत्येक 'स' त्याला पाठ होता, ते गाणं कशाबद्दल आहे हे त्याला माहीतच नव्हतं. शब्द त्यानं कधी ऐकलेच नव्हते. एक बाई खिडकीत उभी आहे. खालून तिचं माणूस निघून चाललंय, अजून वळणापर्यंत पोहोचलेलं नाही. ती त्याला हाक मारते. तो वरचा सूर म्हणजे ती हाक होती. सगळं गाणं त्या हाकेपर्यंत चढत जात होतं.

आणि हाक आली तेव्हा ती अगदी हलकी आली. नेटकी, गोल, जागच्या जागी. कुणाला त्रास होऊ नये अशी. आपण या घरात उगाच अडचण करतोय असं वाटणारी बाई जशी कपबशी खाली ठेवते, तशी वहिनीनं ती हाक ठेवली होती. रस्त्यापर्यंत सोडा, ती खिडकीच्या बाहेरही गेली नसती. दुसऱ्या टेकमध्ये ती लाल रेघ पार करून गेली होती, कडेला फाटली होती, जशी जिवाच्या आकांतानं मारलेली हाक फाटते. ती त्यानं स्वतःच्या हातानं पुसली होती, आणि त्याच हातानं बटण दाबून या दबलेल्या बाईला वा म्हटलं होतं. खोटं बोललो तेव्हा तिला दुखावलं, हे त्याला कालपासून कळत होतं. खरं बोललो तेव्हाही दुखावलं, हे आत्ता कळलं.

गाणं संपलं. वहिनीनं चष्मा काढून पदरानं पुसला आणि पुन्हा लावला.

"एकही चूक नाही रे यात," ती म्हणाली. "म्हणून आवडलं असेल तुला."

तिनं पुढची पँट ओढून घेतली, चिठ्ठी वाचली आणि शिवण उसवायला लागली.